ह्यात किती वाजलेत?

"ती बोलत नाही, म्हणूनच म्हणते तिला बरोबर न्या."

दाराच्या अलीकडे मी होते, पलीकडे सरूकाकू. माझ्याविषयी कुणी बोलायला लागलं की पाय न वाजवता निघून जायचं ही माझी शाळेपासूनची सवय. पण त्या दिवशी हातात आप्पांच्या चहाचा ट्रे होता, हलले असते तर कपबश्या वाजल्या असत्या. म्हणून तिथंच उभी राहिले.

"बाकीचे लोक फार बोलतात यांच्यापाशी," काकू आप्पांना सांगत होत्या. "वा म्हणतात, छान म्हणतात. मग हे सुरी उचलतात. बेबी नुसती बघत बसते. तिच्यासमोर कदाचित चित्र खरवडणार नाहीत."

"आणि खरवडायला लागलेच तर?"

"तर तिनं एवढंच म्हणायचं, काकूंनी मागितलंय. एकच चित्र. पुन्हा नाही मागणार."

आप्पा हसले. "वहिनी, आमची बेबी जेवताना माझ्याकडे मीठ मागत नाही. भाजी अळणी असली तर अळणी खाते."

मग माझ्या हातातल्या कपबश्या वाजल्याच.

आप्पा भोरच्या दवाखान्यात डॉक्टर होते. आई मी लहान असताना गेली, म्हणून मला पुण्याला इंग्रजी शाळेत ठेवलं होतं. तिथं मराठी बोललं की शिक्षा व्हायची आणि इंग्रजी चुकलं की मुली हसायच्या, तेव्हा दोन्ही टाळायला मी लवकर शिकले. मॅट्रिक होऊन घरी आले ती तशीच. सरूकाकू आमच्या भिंतीपलीकडे राहायच्या. त्यांच्याकडे रोज सकाळी मी स्वयंपाक शिकायला जात असे. त्यांचे यजमान म्हणजे खळे मास्तर, भोरच्या शाळेतले ड्रॉइंग मास्तर.

मास्तर मुंबईला चित्रकला शिकून आले होते. त्यांच्याबरोबरचे लोक संस्थानिकांच्या तसबिरी काढून नावारूपाला आले असं आप्पा सांगायचे. मास्तरांना माणूस समोर बसलेला सोसत नसे. खरं तर बसलेलं काहीच सोसत नसे. मी त्यांना चहा उभ्यानं पिताना पाहिलं आहे, पोस्टातून आलेलं मासिक चालता चालता वाचताना पाहिलं आहे, आणि जेवताना मध्येच उठून, उष्टा हात तसाच धरून, अंगणात जाऊन आलेलं पाहिलं आहे. "बसलो की ऊन सरकतं," ते म्हणायचे. उंच, वाकलेले, कोटाच्या दोन्ही खिशांना रंगांचे डाग, आणि श्वासाबरोबर छातीतून येणारी एक बारीक शीळ. त्यांना दमा होता. गल्लीच्या तोंडाशी शीळ ऐकू आली की काकू चहाचं आधण ठेवायच्या. आधणाला उकळी यायच्या आत मास्तर आत येऊन, पाणी पिऊन पुन्हा बाहेर गेलेले असायचे.

शाळेत पोरांनी त्यांची नस ओळखली होती. तास कंटाळवाणा झाला की मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडायचं, "मास्तर, ढग सरला!" मास्तर खडू हातात घेऊनच व्हरांड्यात धावायचे. मनगट पालथं करून हात उन्हात धरायचे, शेक बघावा तसे. पोरं दप्तरं उचलून दुसऱ्या दारानं पसार. हेडमास्तरांनी एकदा विचारलं, "खळे, वर्ग कुठाय?" मास्तर म्हणाले, "होता आत्ता. तुम्ही जरा आधी यायला हवं होतं, काय ऊन आलं होतं रामबागेवर!"

त्यांची चित्रं लहान असत. चहाच्या खोक्यांच्या पातळ फळ्या ते वाण्याकडून आणायचे, त्यांना सरस आणि खडूचा हात द्यायचे, आणि पंच्यात गुंडाळून डोंगराकडे निघायचे. आमच्याकडे डोंगरउतारावर भाताची खाचरं एकाखाली एक असतात. मास्तर मला म्हणाले होते, "मिसीबाबा, ऊन पडलं म्हणतात लोक. पडतं कुठं? उतरतं. ते बघ, वरच्या खाचरात पाय ठेवलाय. आता खालच्यात टेकवेल." मिसीबाबा, म्हणजे साहेबाच्या घरची मुलगी, हे त्यांनी मला दिलेलं नाव. मला त्याचा राग यायचा, आणि तो मी दाखवत नसे.

दुसरं एक ते वारंवार सांगायचे. ऊन एकटं असलं तर दिसत नाही. त्याला काहीतरी आडवं यावं लागतं. धूळ, धूर, पाण्याचा शिंतोडा, नाहीतर माणसाची पाठ. "रिकाम्या हवेतून ते नुसतं निघून जातं, कुणाला पत्ता न लागता," असं म्हणून ते स्वतःही निघून जायचे.

आता त्यांच्या सुरीबद्दल. चित्र पुरं झालं की मास्तर ते जवळच्या कुणाही माणसापुढे धरायचे. शिपाई असो, गवळण असो, मामलेदार असो. आणि एकच प्रश्न विचारायचे: "ह्यात किती वाजलेत?" विचारताना समोरच्याच्या तोंडाकडे बघायचे नाहीत, दुसरीकडे कुठंतरी बघत उभे राहायचे. मामलेदार म्हणाले, "फारच सुरेख." गवळण म्हणाली, "आमच्या म्हशीवानी हाय." आप्पा डॉक्टरी पद्धतीनं घड्याळ काढून अंदाज बांधायचे आणि हटकून चुकायचे. वेळ चुकली की मास्तर बोथट सुरी काढायचे आणि ओला रंग फळीवरून खरवडायचे. वर टर्पेंटाइनचा बोळा. फळी दुसऱ्या दिवशी पुन्हा तयार. दुसरी मोठी लढाई सुरू झाल्यावर मुंबईहून रंग येणं जवळजवळ थांबलं. मग तर ते खरवडलेला रंगही डबीत भरून ठेवायला लागले. त्याचा एक राखाडी लगदा होई. "यात माझ्या सगळ्या सकाळी आहेत," असं ते मला डबी दाखवून म्हणाले होते. गमतीनं म्हणाले की कसं ते कळलं नाही.

मलाही ते विचारायचे, सगळ्यांत शेवटी, रीत म्हणून. मी गप्प. खात्री नसेल तर तोंड उघडायचं नाही हे माझ्या अंगात मुरलेलं. उत्तराची फार वाट न बघता ते सुरी उचलायचे.

एकच माणूस बरोबर बोलला, आणि त्याचं उत्तर मास्तरांना महाग पडलं. लढाईच्या दिवसांत पुलांवर पहारे होते. मास्तर सारोळ्याला नीरेच्या पुलाखाली बसून, म्हणजे अर्थातच उभे राहून, पाण्यातल्या कमानींच्या सावल्या रंगवत होते. पहाऱ्यावरचा हवालदार खाली उतरला.

"पुलाचा नकाशा काढताय?"

"नकाशाला सावली असते का?" मास्तर चिडले.

"ते मला म्हाईत न्हाई. कुनासाठी काढताय?"

मास्तरांनी फळी त्याच्या तोंडापुढे धरली. "सांगा, ह्यात किती वाजलेत?"

हवालदारानं फळीकडे पाहिलं. पाहता पाहता त्यानं डोक्यावरची टोपी काढली, घाम पुसला, आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेतला. "आता बदली यायची येळ झाली," तो म्हणाला. "पाय भरून आल्यात."

मास्तरांनी त्याला मिठी मारली. हवालदारानंही मारू दिली. मग म्हणाला, "तरी बी सायबाला दाखवावं लागंल."

आप्पांना जाऊन त्यांना सोडवून आणावं लागलं. साहेबानं माणूस सोडला, चित्र ठेवून घेतलं. पुलाचं चित्र, काय सांगावं. मास्तर मात्र घरी येताना अख्ख्या वाटेत हसत होते. "पाय भरून आले म्हणाला, डॉक्टर! बरोब्बर!" काकू दारात उभ्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "एक राहिलं, तेही पोलिसांनी नेलं."

मास्तर पुढं काहीतरी सांगत होते. काकू आत गेल्या.

काकूंच्या स्वयंपाकघरात चुलीसमोरच्या भिंतीवर एक खिळा होता. रिकामा. पोळ्या लाटताना मी त्याच्याकडे बघत असे, म्हणून एकदा त्यांनीच आपण होऊन सांगितलं. "लग्न होऊन आले तेव्हा मी ठोकलाय. चित्रकाराची बायको ना! सासूबाई म्हणायच्या, काय टांगणार आहेस? मी म्हणायची, बघा तरी." मग लाटणं थांबवून त्यांनी बोटानं दाखवलं. समोरच्या टेकडीवरून ऊन यायला आमच्या गल्लीत उशीर होतो. लोक केव्हाचे कामाला लागलेले असतात, दुधाला पहिली उकळी येऊन गेलेली असते, आणि मग काकूंच्या झरोक्यातून उन्हाचा एक कवडसा आत येतो. तळहाताएवढा. खिळ्याच्या जरा खाली भिंतीवर टेकतो, थोडा वेळ थांबतो, पिठाच्या डब्यावर घसरतो आणि जातो.

"एवढंच माझ्या वाट्याचं ऊन," काकू म्हणाल्या. "यांनी पाहिलं नाही कधी. त्या वेळी ते ऊन बघायला गेलेले असतात."

काकू भोरच्या बाहेर फारशा पडल्या नव्हत्या. माहेर वाईचं, सासर भोरचं. डोंगरात मास्तरांबरोबर बाईमाणसानं भटकायचं ही कल्पनाच त्या काळी कुणाला सुचली नसती. "मी काही तक्रार करत नाही गं," त्या म्हणाल्या, "माणूस उभा जन्म जे बघत हिंडला ते एकदा मला दिसावं, एवढंच."

त्या वर्षी मास्तरांची छाती फार बिघडली. थंडीत ते दोनदा अंथरुणाला खिळले, म्हणजे घरातल्या घरात येरझाऱ्या घालत राहिले. आणि चैत्र लागताच त्यांनी पासलीचं काढलं. पासली वेल्ह्याच्या पुढं डोंगरात आहे. तिकडं पावसाआधी शेतकरी राब भाजतात. भाताचं रोप जिथं करायचं त्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, वर माती असे थर देऊन ते जाळायचं आणि त्या राखेत पेरायचं. खोऱ्यात जागोजाग धूर होतो. मास्तरांना तो धूर हवा होता. वारा पडलेला असताना, खाचरांच्या पायऱ्यांवरून चढणारा, आणि त्याला सकाळचं पहिलं ऊन आडवं आलेलं.

"त्या धुरानं तुमचं काय होईल ते मी कागदावर लिहून देतो," आप्पा म्हणाले.

"मग चला बरोबर," मास्तर म्हणाले. "तिथंच लिहा."

शेवटी आप्पा रजा काढून निघाले, नाकाला ओला पंचा बांधायचा या अटीवर. आणि काकूंनी मला पाठवलं. निघताना त्यांनी माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि बोलल्या काहीच नाहीत. मी दाराआडून सगळं ऐकलं होतं हे त्यांना माहीत होतं.

सर्व्हिस मोटारीनं नसरापूरपर्यंत, तिथून बैलगाडी. मास्तर गाडीत बसायला तयार नव्हते. बैलांच्या पुढं चालायचे, दम लागला की गाडीच्या दांडीला धरून चालायचे. विंझरला थांबलो तर हॉटेलवाल्यानं चहा आणेपर्यंत ते मागच्या नाल्यात उतरलेले. रात्री वेल्ह्याला मुक्काम केला आणि दुसऱ्या दिवशी निघालो, तरी वाटेत मास्तर इतक्या ठिकाणी थांबले की पासली दिसायला लागली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

आम्ही खिंडीतून खाली उतरत होतो. गावातून कुणीतरी आरोळी दिली. मग दुसऱ्यानं दिली. आणि बघता बघता खोऱ्यात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळे राब एकदम पेटले.

भर दुपार. गरम वारा सुटलेला. धूर वर जायचं नावच घेईना, जमिनीसरसा लोळत आमच्या अंगावर आला. डोंगर दिसेनात, ऊन नुसतं पितळेसारखं पसरलं होतं. पाटील धावत पुढं आले, तोंड हसरं, डोळ्यांतून धुरानं पाणी.

"या मास्तर! गेल्या साली तुमी बोलला व्हता, मला राबाचा धूर बगायचाय. ऐन हंगाम, पर आमी येकानं बी पेटवलं न्हाई. म्हनलं, मास्तर येऊ द्या. आता बगा! लई धूर केला!"

मास्तरांनी तोंड उघडलं. मला वाटलं आता ओरडणार. त्यांना खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ चालली. आप्पांनी पंचा त्यांच्या नाकाला बांधला. मास्तरांनी तो खाली ओढला आणि म्हणाले, "पाटील, एवढं कुणी कुणासाठी करत नाही हो."

आणि त्यांनी फळी काढून तो धूर खरोखरच रंगवायला घेतला. दुसरं काय करणार? सगळं गाव भोवती उभं. पुरं झाल्यावर त्यांनी पाटलांना विचारलं, "ह्यात किती वाजलेत?"

"वाजत्यात कुटं?" पाटील अभिमानानं म्हणाले. "तुमी आला तवा पेटवलं."

सुरी चालत असताना मी बघितलं. गाव पांगायला लागलं होतं. मास्तर फळी पुसून तशीच हातात धरून उभे होते. मी त्यांना इतकं स्थिर उभं राहिलेलं कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात खालच्या अंगानं एक म्हातारी वर आली. काळी, सुकलेली, कमरेत वाकलेली, हातात कोयता. ती चिमाबाई. ती आधी पाटलांवर तुटून पडली.

"दुपारच्या वक्ताला कोन राब भाजतंय रं? वाऱ्यावर? राख समदी कोकनात गेली! आता कोकनातच जाऊन पेर म्हनावं!"

"चिमे, पावनं आल्यात," पाटील म्हणाले.

"पावन्याला काय राख खायाला घालनार व्हतास?" मग ती मास्तरांकडे वळली. "तूच व्हय धूरवाला? माझा राब हाय अजून. सकाळच्याला पेटवीन, वारा पडल्यावर. बगायचं तर ये. न्हाई आलास तरी मी पेटवनारच." जाता जाता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. "डाक्तर, लेक मुकी हाय का?"

"इंग्रजी शाळेत शिकलीय," आप्पा म्हणाले.

"मंग? तितं बोलायला शिकवत न्हाईत व्हय?"

मास्तर हसले. दिवसभरात पहिल्यांदा.

आम्ही पाटलांच्या ओसरीवर उतरलो. मास्तरांची छाती ऐकून आप्पा त्यांना म्हणाले, "उद्या सकाळी आपण परत निघू." मास्तर म्हणाले, "निघू. सकाळ होऊन गेल्यावर." आप्पांनी फार वाद घातला नाही. डॉक्टर म्हणून जे सांगायचं ते ते सांगायचे, पण मास्तरांना खरोखर अडवणं त्यांनाही कधी जमलं नाही. ऊन म्हटलं की मास्तर थांबत नाहीत, हे शाळेतल्या पोरांना जितकं कळलं होतं तितकंच आप्पांनाही कळलं होतं.

सकाळी चिमाबाईनं वाट बघितली नाहीच. आम्ही खाचरांच्या बांधावर पोचलो तेव्हा ती राबाच्या खालच्या कडेला उकिडवी बसून पेटत्या काडीवर फुंकर घालत होती. वारा पूर्ण पडलेला. सगळं खोरं निळसर सावलीत. डोंगराच्या माथ्यावर तेवढं ऊन आलेलं, आणि ते वरच्या खाचरात उतरत होतं. मास्तर म्हणायचे तसंच, एकेक पायरी. खालून धूर सावकाश चढायला लागला. सावलीत होता तोवर काळपट. उन्हाच्या कडेशी आला आणि ताकासारखा पांढरा झाला. म्हातारी फुंकर घालून थोडी उठली, तेव्हा तिच्या वाकलेल्या पाठीवर ऊन टेकलं.

मास्तरांचा हात चालू झाला होता. नाकाचा पंचा गळ्यात आला होता. मी आप्पांकडे पाहिलं, तर गावातली माणसं त्यांना कुणाच्या तरी आजारी पोराकडे घेऊन गेलेली. बांधावर मी एकटीच. शीळ आता मला रंगाच्या कुंचल्यापेक्षा मोठ्यानं ऐकू येत होती. ते खोकायचे, फळी छातीशी न टेकवता लांब धरायचे, डोळे पुसायचे, पुन्हा सुरू. मी ओला पंचा पुढं केला. त्यांनी घेतला आणि खांद्यावर टाकला. "हे बांधलं की वास येत नाही," ते म्हणाले, "आणि वास आला नाही की रंग चुकतो."

समोरचं ऊन केव्हाच खालपर्यंत पोचलं. धूर विरला. चिमाबाई भाकरी खाऊन, हात धुऊन, राखेवरून काठी फिरवून घरी गेली. मास्तर मात्र मघाचीच वेळ रंगवत राहिले. ती आता खोऱ्यात कुठंच नव्हती, फळीवर तेवढी होती.

मग त्यांनी कुंचला पुसला. इकडंतिकडं पाहिलं. विचारायला दुसरं कुणी नव्हतं. त्यांनी फळी माझ्यापुढं धरली आणि मान डोंगराकडे वळवली. उजव्या हातात सुरी होती.

"काय मिसीबाबा, ह्यात किती वाजलेत?"

मी बघितलं. काकूंचा निरोप माझ्या घशाशी तयार होता, शब्द न् शब्द पाठ: काकूंनी मागितलंय, एकच. तो निघेना. माझ्या ध्यानात आलं की तो या प्रश्नाचं उत्तर नव्हता, आणि मास्तरांना उत्तराखेरीज काही दिलं तर सुरी चालणार. मी पुन्हा बघितलं. खालची निळी खाचरं, वरचं ऊन, मध्ये रंग बदलणारा धूर, म्हातारीची पाठ. सुरी हलली. आणि मी बोलले.

मास्तरांची मान वळली. ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जसं ते विचारल्यावर कधी कुणाकडे बघत नसत.

"असं?" ते म्हणाले. "रोज?"

मी मान हलवली. त्यांनी सुरी तशीच रंगासकट कोटाच्या खिशात टाकली.

परतीच्या वाटेवर ते गाडीत बसले. फळी दोन्ही हातांत कडेला धरून, रंग वर, मांडीवर टेकू न देता. विंझरला हॉटेलवाला म्हणाला, "मास्तर, बगू तरी काय काढलं." मास्तर म्हणाले, "ह्याची वेळ सांगून झालीय." आप्पा माझ्याकडे बघायला लागले. मी डोंगराकडे बघायला लागले.

भोरला काकू दारात होत्या. मास्तरांनी फळी पुढं केली. "ओलं आहे. बोट लावू नकोस." काकूंनी पदराला हात पुसले आणि फळी उजेडाकडे धरली. छान म्हणाल्या नाहीत. मग विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही हे बघत होता?"

"हो."

"बरं," काकू म्हणाल्या.

दोन दिवसांनी, मी सकाळी पोळ्या शिकायला गेले तेव्हा चित्र खिळ्यावर होतं. आणि त्याच्यासमोर पाटावर मास्तर बसले होते. मांडी घालून, बशीतला चहा निवत ठेवून. बाहेर टेकडीवर ऊन चढत होतं, गल्लीत कुणीतरी ओरडलंही, "मास्तर, आज न्हाई का गेला?" ते उठले नाहीत. दुधाला पहिली उकळी येऊन गेली. झरोक्यातून कवडसा आत आला आणि चित्राच्या खाली भिंतीवर टेकला. मास्तरांनी मनगट पालथं करून हात त्यात धरला, बाहेर उन्हात धरायचे तसा. काकू लाटत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही, पण पोळी एका बाजूला फार पातळ झाली. कवडसा पिठाच्या डब्यावर घसरेपर्यंत मास्तर हात धरून बसले होते.

मी त्यांना धड अवस्थेत पाहिलं ते तेव्हा शेवटचं. नंतर अंथरूण, काढे, आप्पांची इंजेक्शनं. पावसाळा संपायच्या आत ते गेले. आप्पा म्हणतात, धुरानं नाही, छाती आधीच गेलेली होती. म्हणताना ते माझ्याकडे बघत नाहीत. काकूंना मी एकदा भीत भीत विचारलं की तुम्हाला काय वाटतं. त्या म्हणाल्या, "बसले होते की नाही माझ्या स्वयंपाकघरात? तू पाहिलंस ना?" मी पाहिलं होतं.

मी तिथं बांधावर काय बोलले हे आप्पा अजूनही मधूनमधून विचारतात. मामलेदारांना जमलं नाही, मला घड्याळ काढून जमलं नाही, तू असं काय सांगितलंस? मी मीठ वाढून घेते आणि विषय बदलते. त्यांना वाटतं मी काकूंचा निरोप सांगितला असेल. तसं पाहिलं तर तोच सांगितला.

मास्तरांनी विचारलं होतं, ह्यात किती वाजलेत. मी म्हणाले, "काकूंच्या खिळ्याखाली आत्ता ऊन आलंय."